आंधळं प्रथिन

१

पेशी मेल्या होत्या. पेशी रोजच मरतात, त्यांचं सुतक कुणी धरत नाही. पण या नेमक्या पाहुणे यायच्या आदल्या सकाळी मेल्या, आणि म्हणून अलेक्झांड्रियाच्या त्या संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर घरात मयत झाल्यासारखी माणसं भिंतींना टेकून उभी होती.

डॉ. कद्रिया तळमजल्यावरून जिना चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती आणि हातात अर्धं खाल्लेलं कलेजीचं सँडविच होतं. ते कुठे ठेवावं हे न कळून तिनं कोटाच्या खिशात टाकलं.

"चौकशी तू करायचीस," डीनसाहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले. "तुला इथे शत्रू नाहीत."

"शत्रू व्हायला काहीतरी मिळवावं लागतं, डीनसाहेब. मी सूक्ष्मदर्शकांच्या काचा पुसते."

"म्हणूनच. उद्या दुपारी समिती बसते. त्याआधी मला सांग."

मेलं काय होतं, हे कद्रियाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वादी नत्रूनच्या खाऱ्या तळ्यांमध्ये एक शेवाळ वाढतं. त्याच्या पेशीच्या कातडीत प्रथिनाचं एक इवलंसं दार असतं. निळा उजेड पडला की ते उघडतं. डॉ. मुफीद अल-घराबलीनं हे दार शेवाळातून काढलं, वर्षानुवर्षं त्याच्या बिजागऱ्या बदलल्या आणि ते कर्करोगाच्या गाठीच्या पेशींमध्ये बसवलं. आता निळा उजेड पडला की दारातून कॅल्शियमचा लोंढा आत शिरायचा आणि पेशी मरायची. उजेड नाही तर मरण नाही. म्हणजे उद्या माणसाच्या अंगातली गाठ नुसत्या उजेडानं मारता येईल, बाकी शरीराला धक्का न लावता. शोधनिबंध जगभर गाजला होता. उद्या आखातातले देणगीदार हे डोळ्यांनी पाहणार होते.

आणि आज सकाळी मुफीदनं काळोख्या खोलीचं दार उघडलं, तर पेशी उबेत ठेवायचं कपाट अर्धवट उघडं होतं. कपाटासमोरच्या फळीवर एक मोबाइल निळसर उजळत, थरथरत होता. पडद्यावर अक्षरं होती: 'मामा'. म्हणजे आई. इथे आईला मामा म्हणतात.

मोबाइल होता रिहामचा. ती मुफीदची पीएचडीची विद्यार्थिनी, दमनहूरहून शिकायला आलेली. काळोख्या खोलीत फोन न्यायला सक्त बंदी होती. दाराबाहेर वेताची टोपली टांगलेली असे, तीत फोन टाकूनच आत जायचं.

"मी टोपलीतच टाकला होता," रिहाम म्हणाली. ती रडत नव्हती. रडून झालं होतं बहुतेक. "घाईत निघाले, न्यायचा विसरले. मायक्रोबसमध्ये बसल्यावर आठवलं."

"आणि फोन चालत आत गेला," मागून कुणीतरी म्हणालं.

मुफीदनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मग कद्रियाच्या कानाशी हळू आवाजात म्हणाला, "मुलगी वाईट नाही. निष्काळजी आहे. कोटाच्या खिशात नेलपॉलिशची बाटली घेऊन हिंडते, बघ. लक्ष कुठे असतं यांचं? पण समितीपुढे नाव जाणार. नोंदणी रद्द होईल. माझाही इलाज नाही."

कद्रियानं बघितलं. रिहामच्या पांढऱ्या कोटाच्या खिशातून लाल बाटलीचं काळं टोपण डोकावत होतं. मग तिनं मुलीच्या हातांकडे बघितलं. नखं कोरी, कापलेली. नमाज पढणारी मुलगी. वुझू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, नखांना पाणी लागायला हवं म्हणून या मुली रंग लावत नाहीत. मग बाटली कशाला?

"साध्या पेशींचं काय झालं?" तिनं विचारलं. "ज्यांत प्रथिन घातलेलंच नाही?"

"जिवंत आहेत," मुफीद म्हणाला. "ज्यांना डोळा नाही त्या जगल्या, ज्यांना डोळा होता त्या मेल्या. आणखी काय पुरावा हवा? उजेड."

डीनसाहेबांनी मान डोलावली. लोक पांगले. कद्रिया जिन्याशी पोचली तेव्हा मागून कुणीतरी तिची बाही धरली.

"डॉक्टोरा," रिहाम कुजबुजली, "त्या उजेडानं मेल्या असत्या ना, तर सगळ्यात जास्त आनंद मला झाला असता."

२

काळोख्या खोलीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: मुफीद, रिहाम आणि डॉ. बिशॉय.

बिशॉय कॉप्टिक ख्रिस्ती, जर्मनीहून परत आलेला. मुफीद निवृत्त झाला किंवा तोंडघशी पडला, तर प्रयोगशाळा त्याचीच. हे त्यालाही ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे तो लपवतही नव्हता. कद्रिया त्याच्या खोलीत गेली तेव्हा तो कागदावर तामिया, म्हणजे डाळीचे तळलेले वडे, पसरून बसला होता.

"बसा, डॉक्टोरा. उपास आहे, त्यामुळे अंडं नाही, चीज नाही, आनंद नाही. घ्या एक. मी मारल्या का, हेच विचारायला आलात ना?"

"मारल्यास?"

"मारायच्याच असत्या तर टॉर्च घेतला असता. कपाट उघडायचं, निळा झोत मारायचा, बंद करायचं. एका मुलीचा फोन चोरून मांडामांड करत बसायला मला वेळ आहे का?"

"पण प्रयोग फसला तर तुझा फायदा."

"फसला तर! मेलेल्या पेशींनी प्रयोग फसत नाही, पुढे ढकलला जातो. पाहुण्यांनी फोनवर किती हळहळ केली, ऐकलीत? आणखी वर्षभराचा पैसा देतायत बिचारे." त्यानं तिळाच्या ताहिनीत तामिया बुडवली. "अपघातासारखा उपकार नाही, डॉक्टोरा."

कद्रियानं ते वाक्य मनात एका बाजूला ठेवलं.

"काल शेवटी कोण गेलं?"

"मी गेलो तेव्हा मुफीदसाहेब होते. मुलगी आधीच गेली होती. तिचा फोन बोंबलत होता टोपलीत. आई लोकांना कळत नाही का हो, की..."

"कुठे बोंबलत होता?"

"टोपलीत. दाराबाहेर." बिशॉयचा घास हातातच राहिला. आपण काय बोललो हे त्याला आत्ता उमगलं होतं.

"मग सकाळी सगळे तिला खोटं पाडत होते, तेव्हा बोलला का नाहीस?"

तो कागदाची घडी घालत राहिला. "मला कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "आणि मुलगी माझी विद्यार्थिनी नाही."

म्हणजे रिहाम गेल्यानंतरही फोन टोपलीत होता. कुणीतरी तो उचलून आत नेला होता.

मुफीदच्या खोलीत पुदिन्याचा चहा आला. तिला तीन चमचे साखर लागते हे त्याला अजून आठवत होतं. भिंतीवर जुना फोटो होता: विशीतली चार पोरं गुलाबी पाण्यात गुडघाभर उभी, मध्ये मुफीद, हातात चिखलाची बरणी.

"तुझी चप्पल त्या तळ्यातच राहिली," तो हसला. "अनवाणी बसमध्ये बसलीस. ड्रायव्हरनं तुला भिकारीण समजून सीट दिली होती."

"आणि तू बरणी मांडीवर घेऊन बसला होतास, तान्हं मूल असल्यासारखी."

"तान्हंच होतं." त्यानं कप खाली ठेवला. "ते काल मेलं, कद्रिया. लवकर संपव हे सगळं. त्या मुलीलाही लांबण लावून छळू नकोस."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरंच दुःख झालेलं होतं. तेच तिला उमजत नव्हतं.

३

रिहामला ती खाली आपल्या खोलीत घेऊन आली. बाहेर समुद्र खवळला होता, खिडकीच्या फटीतून खारं पाणी आत झिरपत होतं आणि तिथे कद्रियाच्या जुन्या मोज्यांचा बोळा कोंबलेला होता.

"आता बोल. उजेडानं मेल्या असत्या तर तुला आनंद का झाला असता?"

"कारण मग प्रथिन चालतं असं सिद्ध झालं असतं." मुलीनं श्वास घेतला. "ते चालत नाही, डॉक्टोरा. मी एक आंधळं प्रथिन बनवलं. तेच दार, तीच चौकट, फक्त एक कडी बदललेली, त्यामुळे त्याला उजेड धरताच येत नाही. ते घातलेल्या पेशी निळ्या उजेडात जगायला हव्यात आणि डोळस मरायला हव्यात. हो ना?"

"हो. आणि?"

"दोन्ही जगतात. सारख्याच. कितीही वेळा करा."

कद्रिया खुर्चीत मागे टेकली. "मग तो निबंध? त्यात तर सगळ्या मेल्या होत्या."

"तेव्हाचा दिवा जुना होता. मी तो कोठीतून काढून खाली हात धरून पाहिला. उजेडाबरोबर उष्णताही देतो, बोट भाजतं! पेशी शिजल्या, डॉक्टोरा. आणि तेव्हाच्या विद्यार्थ्यानं साध्या पेशी दिव्याखाली ठेवल्याच नव्हत्या. फॉइलमध्ये गुंडाळून कपाटातच ठेवल्या होत्या. त्यांना उजेडाची काय गरज, असं वाटलं असेल त्याला. नवा दिवा तापत नाही. म्हणून आता कुणी मरत नाही."

कद्रियाला हसू आलं. सगळं जग त्या निबंधावर इमले बांधत होतं, आणि पाया म्हणजे एक तापलेला दिवा. चूक साधी होती. कुणाच्याही हातून झाली असती.

"हे कुणाला सांगितलंस?"

"फक्त डॉक्टर मुफीदना. ते म्हणाले, तुझा अजून मोजायला हात बसलेला नाही. मनात आधीच ठरवून मोजतेस. मी म्हटलं, नाही, मी अशी सोय केलीय की मोजताना कुठली डिश कुठली हे मलाच कळू नये."

"काय सोय?"

रिहामनं खिशातून लाल बाटली काढून टेबलावर ठेवली.

"आंधळ्या डिशच्या झाकणावर एक ठिपका देते. स्पिरिटनं पुसलं तरी जात नाही. काळोख्या खोलीत फक्त तांबडा दिवा असतो, पांढरा बल्ब केव्हाच काढून टाकलाय. तांबड्या दिव्यात तांबडा ठिपका दिसतच नाही. डोळस आणि आंधळ्या, सगळ्या कोऱ्या. मी मोजते, आकडा लिहिते आणि मगच बाहेर उजेडात आणून झाकण बघते."

"आणि साध्या पेशींवर?"

"काळी खूण. ती कुठेही दिसते."

कद्रियानं बाटली उचलली. इतकी वर्षं या इमारतीत काढून, महागडी यंत्रं पाहून, इतकी स्वस्त आणि इतकी प्रामाणिक युक्ती तिनं पाहिली नव्हती.

"मुफीदला ही युक्ती ठाऊक होती?"

"सोय केलीय एवढंच सांगितलं. कशी, ते त्यांनी विचारलं नाही."

"काल रात्री आंधळ्या डिश कुठे होत्या?"

"त्याच कपाटात. डोळस डिशमध्ये मिसळलेल्या." रिहामचा आवाज एकदम बारीक झाला. "डॉक्टोरा... त्या जगल्या की मेल्या? मला सकाळपासून कुणी आत जाऊ दिलेलं नाही."

४

सगळ्या डिश, साध्या पेशींच्याही, सकाळी काळोख्या खोलीतच फॉइलमध्ये गुंडाळून पुराव्यासाठी शीतकपाटात, काळ्या पिशवीत बंद केल्या होत्या. कद्रियानं बिशॉयला साक्षीदार म्हणून बोलावलं. तो कुरकुरत आला आणि दारापाशीच उभा राहिला, गरज पडली तर पटकन निघता यावं म्हणून.

पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात तिनं एकेक फॉइल सोडलं. पहिल्यांदा तिला दिसला तो रंग. पेशींचं खाद्य लालसर असतं. साध्या पेशींच्या डिशमध्ये ते नेहमीसारखं गर्द होतं. मेलेल्यांत फिकट, आणि काठोकाठ भरलेलं.

"हे काय," बिशॉय पुढे आला. "लग्नात उशिरा आलेल्या पाहुण्यांना देतात तसलं जास्वंदीचं सरबत, करकदे दिसतंय. पाणी घालून वाढवलेलं."

"पाणीच आहे," कद्रिया म्हणाली. "शुद्ध पाणी. मिठाचा कण नसलेलं. ते भरपूर ओतलं की पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात." गंमत बघा, तिच्या मनात आलं. खाऱ्या तळ्यातून आणलेलं बाळ, गोड्या पाण्यात बुडवून मारलं.

मग तिनं झाकणं ओळीनं मांडली. सहा झाकणांवर लालभडक ठिपके चमकत होते, कुणाच्या तरी लग्नातून आल्यासारखे. त्या सगळ्या डिश मेलेल्या होत्या.

बिशॉयला ठिपके काय ते तिनं सांगितलं. तो शिकलेला माणूस होता. त्याचा चेहरा बदलायला वेळ लागला नाही.

"आंधळ्या पेशी उजेडानं मरूच शकत नाहीत," तो सावकाश म्हणाला.

"आता तूच पुढे चाल. मारणाऱ्यानं काळ्या खुणेच्या सोडल्या, कोऱ्या सगळ्या मारल्या. का?"

"उजेडानं मेल्यासारखं दिसावं म्हणून. तांबड्या दिव्यात त्याला ठिपके दिसले नाहीत."

"म्हणजे ती रिहाम नव्हे. ठिपके तिनंच दिले होते, तिनं त्या डिश ओळखून वाचवल्या असत्या. तू असतास तर?"

"मी टॉर्च मारला असता, सकाळीच सांगितलं. प्रथिन चालतं असंच मला वाटत होतं. उजेड असताना पाणी कशाला..." तो थांबला. मग खुर्ची ओढून बसला. "पाणी त्यालाच लागलं, ज्याला माहीत होतं की उजेडानं काही होणार नाही."

"आणि ते रिहामनं एकाच माणसाला सांगितलं होतं."

भिंतीमागे ट्राम खडखडत गेली आणि टेबलावरची झाकणं किणकिणली.

"उद्या पाहुण्यांसमोर निळा दिवा लागला असता," बिशॉय म्हणाला, "आणि सगळ्या पेशी मजेत जगल्या असत्या."

५

मुफीदनं नाकारलं नाही. आधी हसला, मग म्हणाला, "आंधळ्या वेगळ्या कुठे होत्या? सगळ्या एकसारख्याच तर होत्या." बोलून झाल्यावर त्यालाच ते ऐकू आलं. तो भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसला.

"चूक चूक म्हणून मोकळा झाला असतास," कद्रिया म्हणाली. "दिवा तापत होता. कुणी तुला फाशी दिलं नसतं."

"या मजल्यावर किती घरं चालतात, मोजलीस? निबंध मागे घेतला की उद्या कुलूप. मला एक वर्ष हवं होतं फक्त. एका वर्षात मी प्रथिन दुरुस्त केलं असतं."

"आणि मुलगी?"

"तिचं मी बघणार होतो."

"तिचा फोन उचलून आत ठेवताना तिची आई वाजत होती, मुफीद. हातात घेतलास तेव्हा वाजतच असेल."

त्याचा चेहरा पडला. पण माणूस मुरलेला, लगेच सावरला. "हे बघ. मी म्हणतो, कपाटाचा बिघाड. थर्मोस्टॅट. कुणाचाच दोष नाही. रिहामला दुसरा विषय देतो, पदवी माझ्या हातून मिळेल तिला, शब्द देतो. तू त्या डिश भट्टीत टाक. सगळे जगतात."

वाईट हे, की ते खरं होतं. सगळे जगले असते. कद्रियाला हो म्हणायचा मोह झाला, त्या मुलीच्या काळजीनंच. म्हणून तिनं हो-नाही काही म्हटलं नाही. ती खाली गेली आणि जे होतं ते सगळं रिहामपुढे मांडलं.

रिहामनं आपल्या कोऱ्या नखांकडे बघितलं.

"आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, या बिन्ती, माझ्या मुली, पदवी घे आणि घरी ये."

"मीही बहुधा तेच म्हणेन, पोरी."

"पण कुठेतरी कुणीतरी तो निबंध वाचून गाठीवर दिवा धरत असेल ना आत्ता? गाठ मरत नाही म्हणून स्वतःलाच शिव्या घालत असेल. मी घातल्या होत्या, पूर्ण एक हिवाळा." तिनं नाक ओढलं. "भट्टीत नका टाकू."

समितीपुढे कद्रियानं झाकणं मांडली. डीनसाहेबांनी ठिपक्यांकडे पाहिलं, पाहुण्यांच्या देणगीच्या पत्राकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास मागवला. रिहामवरचा ठपका त्याच बैठकीत पुसला गेला. निबंध मागे घेतला गेला, 'उपकरणातील त्रुटीमुळे'. पाणी कुणी ओतलं हे कुठल्याच कागदावर आलं नाही. मुफीदला प्रकृतीच्या कारणास्तव मुदतपूर्व निवृत्ती मिळाली.

निरोपाचा समारंभ तिसऱ्या मजल्यावर झाला. त्याला काचेची ढाल दिली गेली. केकवर गुलाबी तळं काढलं होतं. बिशॉयनं भाषण छान केलं. प्रयोगशाळा त्याला मिळाली होती. रिहामला तो आपली विद्यार्थिनी म्हणून घेणार होता, पण नव्या देणगीदारांना तिचं नाव नको होतं, आणि गावातल्या दुसऱ्या कुठल्याच मार्गदर्शकाला, कुणाला उघड बोलता येत नसलं तरी, असं मोजणारी मुलगी आपल्या घरात नको होती. दमनहूरला एका शाळेत विज्ञानाची जागा रिकामी होती.

केक कापण्याआधी मुफीद कद्रियाला खिडकीपाशी गाठून उभा राहिला. ढाल त्यानं बरणीसारखीच पोटाशी धरली होती.

"एक सांग," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तीच जुनी, तळ्यातली उत्सुकता होती, आणि म्हणून तिला ते जास्त लागलं. "तांबड्या दिव्यात मला सगळ्या कोऱ्या दिसल्या. तिनं ओळखल्या कशा? मोजल्या कशा?"

समितीत झाकणं मांडली तेव्हा तो खोलीबाहेर होता. आणि त्यानंतर इतक्या दिवसांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"तिला विचार," कद्रिया म्हणाली. "खाली माझ्या खोलीत आहे. सामान बांधतेय. तिची बस निघायला अजून वेळ आहे."

मुफीदनं जिन्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, एक पाय उचललाही. मग आतून कुणीतरी "डॉक्टर मुफीद, सुरी!" म्हणून हाक मारली.

"आत्ता नको," तो म्हणाला. "लोक थांबलेत."

कद्रिया एकटीच जिना उतरली. रिहाम खोक्याला दोरी बांधत होती आणि गाठ धरायला एक बोट कमी पडत होतं. कद्रियानं आपलं बोट तिथे ठेवलं.